गिरणीतला फोन आणि स्पीकरमध्ये बसलेलं पीठ

कराडात आमची पिठाची गिरणी आहे. "काकू, पैसे पाठवलेत बघा," म्हणत गिऱ्हाईक डबा उचलतं, फोन "अमुक रुपये मिळाले" म्हणून ओरडतो आणि मी मान हलवते. गेल्या पावसाळ्यात फोनचा आवाज बसला. ओरडायचा, पण तोंडात बोळा कोंबल्यासारखा. एका बाईंना तर मी पार रस्त्यावरून परत बोलावलं, "पैसे आले नाहीत हो!" स्क्रीन बघितली तर कधीच आलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी जो शहाणपणा केला तो तुम्ही करू नका. सिमचा ट्रे काढायची पिन घेतली, खालच्या कडेला एक सुटं भोक होतं त्यात पीठ दिसलं, तिथे खुपसली. ते भोक माइकचं निघालं. दुसऱ्या दिवसापासून बहीण म्हणायला लागली, विहिरीतून बोलतेयस का? दुरुस्तीचा भुर्दंड बसला तो वेगळाच. जात्याला टाकी लावतात तशी फोनला लावायची नसते. जाळीच्या आत पातळ पडदा असतो आणि तो पिनेला दाद देत नाही, सरळ फाटतो.

तेव्हा हत्यार हातात घेण्याआधी दोष पिठाचाच आहे का ते बघा. ब्लूटूथ बंद करा. एकदा आमचा आवाज मुलाच्या दप्तरातल्या हेडफोनात जात होता. कव्हर काढून गाणं लावा. पुष्कळदा पीठ कव्हरच्याच भोकात बसलेलं असतं आणि फोन बिचारा स्वच्छ असतो. आणखी एक, खाली दोन्ही बाजूंना जाळी दिसते म्हणून दोन स्पीकर असतातच असं नाही. बऱ्याच फोनमध्ये एका बाजूला स्पीकर आणि दुसरीकडे माइक असतो. "डावीकडून आवाजच येत नाही" म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता सफाई. फोन बंद करा, चार्जरवरून काढा. लहान मुलांचा मऊ केसांचा टूथब्रश लागतो, नवा आणि कोरडा ठणठणीत. वापरलेला नको, पेस्टचा चिकटपणा केसांत राहतो. फोन असा धरा की जाळी जमिनीकडे येईल, म्हणजे निघालेलं पीठ खाली पडेल, आत जाणार नाही. खाली काळा कागद अंथरा. ब्रश दाबायचा नाही. केस जाळीला जेमतेम टेकतील असा तिरका धरून एकाच दिशेने, बाहेरच्या बाजूला झटकायचा. पाच-सहा झटक्यांनी कागदावर पांढरी रेघ दिसू लागते. मग फोन तळहातावर हलकेच थोपटा आणि पुन्हा झटका. ज्वारी-बाजरीचं पीठ लगेच सुटतं. बेसन आणि भाजणी मात्र हट्टी. भाजणी दळली की फोनवर हात फिरवून बघा, बोटाला तुकतुकीत लागतं.

असं चिकटलेलं असेल तर रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. चिकट बाजू बाहेर ठेवून बोटाला गुंडाळा, जाळीवर टेकवा, उचला. दर वेळी नवी जागा. घासू नका, डिंक मागे राहतो.

वरचा, कानाला लागणारा स्पीकर तर चिरेएवढा बारीक. तिथे टेम्पर्ड काचेच्या कडेला पिठाची रेघ साचते. चित्रकलेचा बारीक कोरडा कुंचला त्या चिरेतून आडवा फिरवा. काच थोडी वर सरकलेली असेल तर तीच बदला, निम्मं काम तिथेच होतं.

तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीत ओलावा असतो, आणि पीठ अधिक पाणी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. कणीक! त्याच कारणाने स्पिरिट, सॅनिटायझर किंवा ओला बोळा जाळीला लावू नका. जाळीत थापलेली कणीक वाळली की ती कुठल्याच ब्रशला ऐकत नाही. गिरणीची मोटर साफ करायचा ब्लोअर आमच्या चिरंजीवांनी एकदा फोनकडे वळवला होता, मी वेळेत हात धरला. एवढा जोर लागला तर पीठ आणखी आत जातं, पडद्याचंही काही खरं नाही. घूं घूं आवाज काढून स्पीकर साफ करणारी ॲप असतात. त्या थरथरीने पाण्याचे थेंब उडतात, चिकटलेल्या बेसनावर माझ्याकडे तरी काही चाललं नाही.

झाल्यावर मघाचंच गाणं पुन्हा लावा. आवाज नुसता बारीक असेल तर दोन दिवसांनी आणखी एकदा झटका. पण चरचरत असेल, फाटल्यासारखा येत असेल, तर पीठ जाळीच्या पलीकडे गेलंय किंवा पडदाच गेलाय. मग दुकानात न्या. फोन पाण्यात टिकणारा असेल तर उघडल्यावर त्याचा तो भरवसा राहत नाही, हे आधीच धरून चाला.

माझा फोन आता चक्कीपासून लांब, फळीवर, कापडी पिशवीत जाळी खाली करून असतो. शनिवारी रात्री दोन मिनिटं ब्रश. आणि भाजणीचं दळण लागलं की तो सरळ गल्ल्यात जातो. तेवढा वेळ पैसे आले का ते चिरंजीव स्वतःच्या फोनवर बघतात.