पाण्याच्या दाबावर चालणारा लॉन एरेटर : या चुका टाळा

लॉन एरेटर म्हणजे हिरवळीखालच्या मातीत हवा खेळावी म्हणून तिला छिद्रे पाडणारे यंत्र. पाण्याच्या धारेने छिद्रे पाडणाऱ्या या एरेटरला दाते नसतात की माती उपसणाऱ्या नळ्या नसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात अशा यंत्राचा पंप पाण्याला सुमारे ५००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) इतका दाब देऊ शकतो आणि नोझलच्या बारीक छिद्रातून ते पाणी सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास वेगाने, थांबून थांबून, जमिनीत घुसते. काम बिघडते किंवा अपघात होतो तो बहुधा या पाण्याकडे नीट लक्ष न दिल्यामुळेच.

पुरवठा अपुरा ठेवणे

लांबलचक, अरुंद पाइप जोडून काम भागवणे ही नेहमीची चूक आहे. पंपाला लागेल तेवढे पाणी मिळाले नाही की त्यात पोकळ्या तयार होऊन खडखडाट सुरू होतो, दाबमापकाचा काटा थरथरतो आणि छिद्रे उथळ पडू लागतात. अशा वेळी इंजिनाचा वेग वाढवला तर पंपाची झीजच वाढते. यंत्र थांबवून नळ पूर्ण उघडा आहे का, पाइपला कुठे पीळ पडला आहे का आणि फिल्टर तुंबला आहे का, हे आधी पाहावे.

पाइप यंत्राला जोडण्यापूर्वी त्यातले पाणी स्वच्छ येईपर्यंत बाहेर सोडून द्यावे, कारण वाळूचा एक कणही नोझल बुजवायला पुरेसा असतो. छिद्रांच्या ओळींपैकी एखादी ओळ सतत गायब दिसली, तर ते नोझल बंद आहे असे समजावे. ते तारेने टोकरू नये. छिद्राची कड खराब झाली की धार फिसकटते आणि पुन्हा सरळ होत नाही.

जमीन न पाहता सुरुवात करणे

कोरड्या, टणक जमिनीत धार खोल जात नाही आणि चिखलात ती हिरवळीचा थर उचलते; म्हणून माती ओलसर पण पाय न रुतणारी हवी. दगडगोटे असलेल्या भागात हे यंत्र वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्रिंकलर, झडपांचे खड्डे आणि उथळ पुरलेल्या केबल यांच्या जागी आधी झेंड्या रोवाव्यात. यंत्र एका जागी उभे करून धार सोडू नये, आणि फरसबंदीवर तर मुळीच नाही.

धारेला हात लावणे

गळती शोधण्यासाठी बोट फिरवणे ही यातली सर्वांत घातक चूक आहे. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. दाबाचे पाणी कातडीत शिरले तर बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण आतल्या ऊतींची हानी आणि जंतुसंसर्ग यांमुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. सूज येण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे आणि जखम उच्च दाबाच्या धारेने झाली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पायांत मजबूत सुरक्षा बूट आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, शिवाय माणसे व जनावरे धारेपासून दूर असावीत.

घाईने पाइप काढणे

इंजिन बंद झाले म्हणजे दाब संपला असे नाही. पुरवठा बंद करून उरलेला दाब माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सोडावा, काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच जोड सोडवावा. पारा गोठणबिंदूखाली जाणाऱ्या प्रदेशात पंप आणि नळ्यांमधले पाणीही पूर्णपणे काढून टाकावे, नाहीतर बर्फ होऊन फुगलेल्या पाण्याने पंपाला तडा जातो.