जुना ब्रश कटर घेतलाय? इंजिन खोलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या हस्ताच्या पावसानं डाळिंबाच्या बागेत गुडघ्याएवढं गवत झालं, गाजरगवत, हरळी, लव्हाळा सगळं एकातएक, आणि खुरपायला बायका मिळंनात म्हणून मी ओळखीतल्या एकाकडनं साडेचार हजाराला जुना ब्रश कटर घेतला. दोन ओळी कापल्या आणि बंद. पाच-दहा मिनिटं बसलो, परत चालू झाला, परत थोड्या वेळानं बंद. असं दोन दिवस चाललं. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर धुतला, कार्बोरेटर खोलून साफ केला, फरक शून्य.

शेवटी सोलापुरात होटगी रोडला एका मिस्त्रींकडं नेला. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. मशीन चालू केलं, बंद पडायची वाट बघत बसले, आणि बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण हळूच ढिलं केलं तर सुस्स करून हवा आत गेली. "मालक, हिचा श्वास कोंडलाय," एवढंच म्हणाले. झाकणाला बारीक हवेची वाट असते, ती माती न् तेलकट मळानं बुजली होती, पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यायला पाहिजे ती येत नव्हती, मग पेट्रोल पुढं ओढलंच जायचं नाही. झाकण पेट्रोलात धुतलं, फुंकलं, झालं काम.

म्हणून सांगतो, पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थेट कार्बोरेटर नाहीतर इंजिन खोलणं. आधी हवा, मग पेट्रोल, मग ठिणगी, आणि सगळ्यात शेवटी पिस्टन. जुन्या मशीनचा बराचसा त्रास पहिल्या दोनातच असतो.

झाकण ढिलं करूनही चालू होत नसेल तर मशीन गरम असतानाच प्लग काढून ठिणगी बघा, गार झाल्यावर नको. गार असताना ठिणगी चांगली आणि तापल्यावर गायब म्हणजे ठिणगी तयार करणारी कॉइल गेलीय. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत हा दोष लई लवकर उघडा पडतो. (ठिणगी बघताना टाकीचं झाकण घट्ट लावलेलं आणि सांडलेलं पेट्रोल पुसलेलं पाहिजे, हे विसरू नका.)

आता पेट्रोल. जुन्या मशीनवरचं स्टिकर गेलेलं असतं, त्यामुळं टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक हेच लोकांना कळत नाही आणि विकणाऱ्याला पण खात्री नसते. इंजिनाला खाली ऑइल टाकायचं वेगळं झाकण असेल तर फोर स्ट्रोक, त्यात साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळं. होंडाच्या जीएक्स ३५ या छोट्या फोर स्ट्रोक इंजिनात ऑइल जेमतेम १०० मिली बसतं, म्हणजे ३०-४० मिली जरी जळालं तरी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गेलं, त्यामुळं रोज सुरू करायच्या आधी इंजिन सपाट ठेवून ऑइल बघायचं, आणि दर ५० तासांनी बदलायचं. वेगळं झाकण नसेल तर बहुतेक टू स्ट्रोक, त्यात ऑइल मिसळल्याशिवाय पेट्रोल टाकलं की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. प्रमाण कंपनीनं दिलेलंच धरा, काहींना लिटरला २० मिली लागतं, काहींना ४०. काहीच माहिती नसेल तर मी साध्या टू टी (टू स्ट्रोकसाठीच्या) ऑइलचं ४० मिली धरतो, थोडा धूर होईल, प्लग काळा पडेल, पण इंजिन वाचेल. आणि मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओता, टाकीत आधी पेट्रोल आणि वरनं अंदाजानं ऑइल असं करू नका, ऑइल तळाला बसतं.

पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराच्या नळ्यांना मानवत नाही. नळी दोन बोटांनी वाकवून बघा, कडक झाली असेल, बारीक चिरा दिसत असतील तर बदलूनच टाका. टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तो तारेच्या आकड्यानं बाहेर ओढता येतो, बऱ्याच जणांना तो आत आहे हेच माहिती नसतं. पेट्रोल दाबायचा बल्ब दाबून पण पेट्रोल येत नसेल तर आधी या दोन गोष्टी, आणि मगच कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पेट्रोल ओढणारा पातळ पडदा. डायफ्राम बोटाला मऊ लागला पाहिजे, प्लास्टिकच्या कागदासारखा कडकड वाजला तर गेला. किट स्वस्तात मिळतं.

कार्बोरेटरचे स्क्रू मात्र आल्या आल्या फिरवत बसू नका. मशीन तापल्यावर जोर धरत नाही म्हणून लोक स्क्रू फिरवतात आणि खरं कारण असतं सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी, ती काजळीनं बंद झालेली असते. जाळी काढून ब्रशनं साफ करा आणि मग बघा.

ब्लेडचा नट. बहुतेक ब्रश कटरला हा नट उलट्या आट्याचा असतो, म्हणजे सोडायचा तर घड्याळाच्या दिशेनं. माझ्या चुलतभावानं नेहमीसारखा डावीकडं जोर लावला, पान्याला पाईप घालून लावला, आणि आटेच उडाले, मग गिअरचा शाफ्ट बदलायला लागला. पुढच्या गिअर बॉक्सला एक बारीक छिद्र असतं, त्यात ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून ब्लेड हळू फिरवत राहिलं की खटकन अडकतं, मग नट सोडायचा. आणि या सगळ्याच्या आधी प्लगची टोपी काढून ठेवायची. दरवेळी.

त्याच गिअर बॉक्सच्या बाजूला एक स्क्रू असतो, तिथनं ग्रीस भरायचं. जुनं मशीन विकणारा माणूस इंजिन पुसून चकचकीत करतो पण ग्रीस बघत नाही. काम झाल्यावर गिअर बॉक्सला हात जवळ नेऊन बघा, चटका बसण्याइतका तापत असेल तर आत कोरडं आहे. भरताना ठासून पण भरू नका, गच्च भरलं तरी तापतं.

मशीन चालू आहे, रेस सोडलेली आहे आणि तरी ब्लेड फिरतंय, असं दिसलं तर काम थांबवा. आधी आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू थोडा कमी करा, तरी फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटलीय. हे चालवून घेऊ नका, बांधावर पाय घसरला तर तेच ब्लेड पायावर येतं. चीर गेलेल्या ब्लेडला वेल्डिंग मारून वापरणारे पण बघितलेत मी, कृपा करून हे करू नका, तुकडा सुटला तर तो कुठं जाईल सांगता येत नाही. गार्ड नसलेलं मशीन मिळालं तर आधी गार्ड घ्या, चष्मा घ्या, मग कापायला सुरुवात.

डाळिंबवाल्यांना आणखी एक. खोडापासनं फूटभर लांब राहा आणि तेवढं खुरप्यानं काढा. ब्लेडनं खोडाची साल सोलली की ती जखम रोगाला आणि खोडकिडीला उघडी वाट असते, झाडाला नंतर काय झालं ते कळत पण नाही. ठिबकच्या नळ्या आधीच उचलून झाडाच्या बुडाशी सरकवा.

काम संपलं की मी टाकी रिकामी करतो, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, बल्ब दाबून उरलेलं पण काढून टाकतो आणि शेडमध्ये खुंटीला टांगून ठेवतो. यंदा मृगाच्या पहिल्या पावसानंतर खाली काढला, ताजं पेट्रोल टाकलं, चौथ्या ओढीला चालू झाला.