पानगळ नसलेला शरद: बालवाडीत आश्विन-कार्तिकात काय करून घ्यावं

सप्टेंबर सरत आला की आम्हा बालवाडीच्या बायांच्या मोबाइलवर ‘ऑटम’ची चित्रं फिरायला लागतात. लाल-केशरी मेपलची पानं, गोल भोपळे, खारीच्या हातात ओकचं फळ. छापायला फुकट, रंगवायला सोपी. लावा हवं तर भिंतीवर, पण आधी एकदा खिडकीतून बाहेर बघा. आमच्या भोरच्या बाजूला त्या दिवसांत पानगळीचं नाव नसतं. पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरदात सगळं उलट भरात असतं: भात निसवून लवायला लागलेला, बांधावर गवत पोरांच्या डोक्याएवढं, दारोदारी झेंडू, आणि चार महिन्यांनी धुऊन निघालेलं आभाळ. चार वर्षांच्या पोराला ऋतू कळायचा तो पायाला टोचणाऱ्या आणि नाकाला जाणवणाऱ्या गोष्टींतून. न पाहिलेल्या झाडाचं न पाहिलेलं पान रंगवून फार तर रेघेच्या आत रंग भरता येईल, एवढंच.

शाळा बाहेर न्यायची म्हटलं की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना मी कोसबाडचं सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, कुरणशाळा म्हणायचे तिला. आपल्याला तर फक्त शाळेमागच्या बांधापर्यंत जायचं आहे.

जायच्या आदल्या दिवशी ती वाट स्वतः चालून या. हे टाळू नका. उंच गवतात जनावर असू शकतं, म्हणून मळलेली पायवाटच धरायची. दुसरी भीती खाजकुयलीची. याच दिवसांत तिच्या शेंगा धरतात आणि त्यांवरची लव अंगाला लागली की पोरं रडून शाळा डोक्यावर घेतात. वेल दिसला तर ती वाटच सोडा. पोरांची रांग दोरी धरून न्यायची, पुढे बाई, मागे मदतनीस मावशी.

सोबत एक जुना टॉवेल घ्या. तो गवतावरून ओढत न्यायचा, दोन पोरांनी दोन टोकं धरून. वर्गात आल्यावर उन्हात पसरला की बघण्यासारखं असतं: आघाड्याची बोंडं, कुसळं, कसली कसली बारीक बोंडुकली, सगळी घट्ट चिकटलेली. ‘ही कुणाकुणाच्या अंगाला चिकटून गावभर फिरतात?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. शेळी, कुत्रा, आजोबांचं धोतर, सगळी उत्तरं पोरांकडून येतात. बी लांब कसं जातं हा धडा तिथेच झाला, वेगळा घ्यायला नको.

कुसळाचा एक खेळ मात्र सावकाश करा, माझ्या सगळ्यात आवडीचा आहे. डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचं वाळलेलं कुसळ घ्यायचं. त्याला एक लांब काळी शेपटी असते, पिळाच्या दोरीसारखी वळलेली. टोक सुईसारखं असतं म्हणून ते बाईनेच हाताळायचं. पांढऱ्या ताटलीत ठेवून शेपटीवर बोटाने पाण्याचे दोन थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटी हळूच अंग वळवते, पीळ सुटायला लागतो आणि कुसळ ताटलीत गरकन फिरतं. ‘बाई, ह्ये जित्तं हाय!’ हे वाक्य दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. जिवंत आहे की नाही यावर पोरांना भांडू द्या. उन्हात ठेवलं की ते वाळून पुन्हा पीळ घेतं, पुन्हा पाणी, पुन्हा उलगडणं. भिजत-वाळत असंच फिरून ते बी मातीत स्वतःला रुजवून घेतं, हे मोठ्या गटाला सांगितलं तर समजतं. लहान गटाला नुसतं बघू दे.

भाताच्या लोंब्या कापणीच्या वेळी कुठल्याही पालकाकडून मिळतात, आमच्याकडे बहुतेक इंद्रायणीच्या. प्रत्येकाला एक लोंबी आणि एक ताटली पुरते. आधी चिमटीने एकेक दाणा सुटा करायचा. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तिघांची हीच पकड पुढे पेन्सिलीला लागते, म्हणून ओंजळीने ओरबाडू देऊ नका. मग दहा-दहाचे ढीग. मग दोन दाणे तळहातांत चोळून, नखाने सोलून आतला तांदूळ काढायचा. हे अवघड आहे आणि तसंच राहू द्या, तुम्ही सोलून देऊ नका. साळ, कोंडा, तांदूळ हे शब्द तिथेच रुजतात. शेवटी सगळ्यांसमोर ओल्या नारळाचे पोहे कालवा आणि हे कशाचे विचारा. भाताचेच, हे कळल्यावर काही पोरं पोह्यांकडे संशयाने बघतात.

एक सावधगिरी. दाणे नाकात-कानात घालायची हौस तीन-साडेतीन वर्षांच्या पोरांना फार. लहान गटाबरोबर हे करताना चार-पाच मुलांचीच टोळी बसवा आणि मोठ्या माणसाने जागचं हलू नये. वाटाणा, हरभरा तर या वयात देऊच नका, नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना घरचं सुकलेलं तोरण आणायला सांगा. झेंडूचं फूल मधोमध फाडलं की प्रत्येक पाकळीच्या बुडाला एक बारीक काडी दिसते. म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो ती पुष्कळ फुलांची जुडी. ताज्या फुलातली काडी पांढुरकी, झाडावरच वाळलेल्या फुलातली काळी. दोन वाट्या मांडा आणि वेगळ्या करायला लावा. काळ्या पेरायच्या, पांढऱ्याही पेरायच्या, कुठल्या उगवतात ते पोरांनाच बघू दे. फोडलेल्या मडक्याच्या खापरीत माती, वर बी, वरून पातळ माती. आठवड्याभरात कोंब दिसतात. बी गावठी झेंडूचं घ्या. बाजारातल्या भरगच्च गोंड्याचं उगवेलच असं नाही.

आपट्याच्या पानाला मात्र फांद्या ओरबाडायला मी देत नाही. दसऱ्याला झाडांची जी गत होते ती बघवत नाही. वर्गाला दहा-बारा पानं खूप झाली, आणि शेजारी तितकीच कांचनाची ठेवा. बाजारात आपटा म्हणून कांचन सर्रास खपतो, तर फरक शिकवायची ही संधी. दोन्हीची पानं जोडपानासारखी, मधोमध घडी पडणारी. आपट्याचं लहान, रुंदीला जास्त, हाताला जाडसर, आणि कांचनाचं मोठं. घडी घालून दोन्ही बाजू जुळतात का बघायचं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावायची, कागदाखाली ठेवून वरून खडू आडवा घासला की शिरा उमटतात.

हस्त नक्षत्र लागलं की भोंडला. आमच्या वर्गात मुलगे-मुली सगळेच फेरात असतात, ‘मुलींचा खेळ’ म्हणणाऱ्या आजोबांना मी चहा देऊन बसवते. पाटावर हत्तीची बाह्यरेषा खडूने तुम्ही काढा, आत तांदूळ, गहू, मसूर पोरांनी भरायचे. फेरात एका दिशेने, ताल धरून पाय टाकणं या वयाला वाटतं तितकं सोपं नाही. दोन-तीनदा गर्दी होऊन सगळे एकमेकांवर पडतात, पडू दे.

खरी मजा खिरापतीची, आणि भाषेचं यापेक्षा चांगलं काम वर्षभरात दुसरं होत नाही. नियम एकच: पदार्थाचं नाव घ्यायच्या आधी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि डबा आणणाऱ्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. गोड आहे का? तव्यावरचं आहे का? दाताने मोडावं लागतं का? डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकण किलकिलं करून वास घ्यायचा. वर्षभर तोंड न उघडणारं पोर स्वतःच्या डब्याच्या दिवशी राजा असतं. त्यासाठी पालकांना आठवड्याचं वेळापत्रक लिहून द्या. एरवी सगळ्यांच्या डब्यांतून चिवडाच येतो.

दसरा ते कोजागरी हा चंद्राचा गृहपाठ. कागदावर सलग चौकटी आखून द्या. रोज संध्याकाळी घरच्यांबरोबर अंगणात जाऊन दिसेल तसा चंद्र काढायचा. दशमीला अर्ध्याहून थोडा मोठा असतो, पौर्णिमेला पुरा. ढग असतील तर ढगच काढायचे, मनाने चंद्र काढायचा नाही. काही पालक स्वतःच सुंदर गोल काढून पाठवतात. ते ओळखू येतात. अशा वेळी पोराला विचारा, चंद्र कुठल्या झाडाच्या बाजूला होता? त्यातून काय ते कळतं.

सावलीचा खेळ थोडक्यात: ऊन पडलं की अंगणात एक पोर उभं करून सावली खडूने काढा, शाळा सुटताना त्याच जागी पुन्हा. लांबी दोऱ्याने मोजा.

किल्ला दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायचा. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी माती आणा, लाल आणि काळी दोन्ही. कुठली हाताला जास्त चिकटते, कुठली वाळली की भेगाळते, हे पोरांनी सांगायचं. दगड-विटांचा ढिगारा, वर गोणपाट, त्यावर चिखल. अळीव आधी थोडे वाटीत भिजवून हातात द्या. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर चढतो, पोरं किंचाळतात आणि पुन्हा मागतात. उरलेले कोरडेच किल्ल्याच्या ओल्या उतारावर भुरभुरायचे आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत कोंब, आठवड्यात हिरवळ. रोहिडा आम्हाला जवळ, म्हणून किल्ल्याचं नाव बहुतेक तेच ठरतं. तुमच्याकडे जवळ जो असेल तो.

सुट्टी लागताना पालकांच्या गटावर दोन ओळी टाकायच्या: झेंडूच्या खापऱ्या घरी पाठवल्या आहेत, एक दिवसाआड पाणी घालावे. किल्ल्याची माती सुट्टीनंतर परत लागणार आहे, कुणी अंगण झाडायच्या नादात फेकू नये.