रेडिएटर वरून गार, खालून गरम: हीटिंगमध्ये धरलेली हवा कशी काढायची

ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात, त्या सुमाराला ब्रिटनमधल्या घरांत हीटिंग पुन्हा सुरू होतं आणि एखादा रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारा भिंतीवरचा लोखंडी डबा, खळखळ वाजायला लागतो. खालचा भाग हात ठेववत नाही इतका तापलेला, वरची वीतभर पट्टी मात्र गार. ही हवा धरल्याची खूण. आपल्याकडे गच्चीवरची टाकी रिकामी होऊन परत भरली की नळ फुरफुरतो, त्याच जातीचं हे दुखणं आहे. नळ उघडला की तिथली हवा आपोआप निघून जाते. रेडिएटरचं पाणी मात्र बंद चक्रात फिरतं, त्यामुळे हवा वर चढून तिथेच बसते आणि तेवढ्या जागेत गरम पाणी पोचत नाही.

एका रेडिएटरची हवा काढायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ते कुणालाही जमतं. वर्षातून एकदा, हंगामाच्या सुरुवातीला थोडी हवा निघाली तर काळजीचं कारण नाही. तोच रेडिएटर दर पंधरा दिवसांनी गार पडत असेल, तर हवा येते कुठून हे शोधायलाच हवं. नुसती हवा काढत राहिलात तर आतलं लोखंड गंजत राहील.

आधी हात फिरवून पाहा

वर गार आणि खाली गरम असेल तर हवा. खाली मधोमध गार आणि वर गरम असेल तर तळाशी काळा गाळ साचलाय. तिथे हवा काढून काहीच होणार नाही, रेडिएटर धुवून घ्यावा लागेल. एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकीचे गरम असतील तर बहुतेक वेळा दोष व्हॉल्वचा असतो. आकडे लिहिलेल्या थर्मोस्टॅट व्हॉल्वमध्ये एक बारीक पिन असते. उन्हाळाभर बंद राहिल्याने ती खाली रुतून बसते. व्हॉल्व सगळ्यात मोठ्या आकड्यावर आणा, डोक्याखालची कडी सैल करून डोकं काढा आणि पिन लाकडाच्या तुकड्याने हलके दाबून पाहा. काही मिलिमीटर आत जाऊन ती स्वतःहून वर आली पाहिजे. येत नसेल तर बाजूने हलके टकटक करून पुन्हा दाबा. पक्कड लावून ओढू नका. काही व्हॉल्वची पिन उपटून हातात येते आणि मागोमाग पाणी.

हवा काढणं

हार्डवेअरच्या दुकानात रेडिएटर की मागा. तिचं चौकोनी भोक साधारण ५ मिलिमीटरचं असतं. काही नव्या रेडिएटरच्या स्क्रूला खाच असते, तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर चालतो. सोबत एक जुनं फडकं आणि एक वाटी घ्या. निघणारं पाणी बरेचदा काळं असतं आणि फिक्या कार्पेटवर पडलेला तो डाग जात नाही, म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा.

हीटिंग बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. पोळण्याचा धोका आहेच, पण दुसरं कारणही आहे. पंप चालू असताना पाइपांच्या काही भागांत ओढ तयार होते. अशा ठिकाणी स्क्रू उघडला तर हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते. पंप थांबल्यावर हवेला वर चढून बसायला वेळही मिळतो. सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व मात्र उघडे राहू द्या.

सुरुवात खालच्या मजल्यावरून करा, वरचा मजला शेवटी. वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर किल्ली बसवा, फडकं खाली धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा फिरवा, फार तर अर्धा. स्स्स असा आवाज येईल. आवाज मंद होईल, मग थेंब फुर्रकन उडतील आणि शेवटी पाण्याची अखंड बारीक धार लागेल. धार लागली की लगेच बंद करा. बेताने आवळा, कारण पितळी स्क्रू जोर लावला तर खराब होतो. कोरडी बोटं फिरवून ओल लागते का तेही पाहा.

स्क्रू पूर्ण काढू नका. दाबाने येणाऱ्या पाण्यासमोर तो परत बसवणं अवघड असतं, आणि तेवढ्या वेळात बादलीभर पाणी खोलीत. रंगाने चिकटलेला असेल तर कडेचा रंग पात्याने खरवडून मगच फिरवा.

निघणाऱ्या हवेजवळ काडी किंवा लायटर नेऊ नका. लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेट घेतो.

प्रेशर: इथे बहुतेकजण चुकतात

हवा गेली की प्रेशर उतरतं. बॉयलरवर, म्हणजे हीटिंगचं पाणी तापवणाऱ्या यंत्रावर, प्रेशरचा काटा किंवा आकडा दिसत असेल, तर यंत्रणा बंद प्रकारची आहे. थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा (बार हे दाबाचं माप). हा आकडा का? पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ साधारण १ बार दाब देतो. बॉयलर तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात आणि वरचा रेडिएटर पाच मीटर उंचीवर असेल, तर नुसतं तिथवर पाणी टेकायलाच अर्धा बार लागतो. काटा ०.३ वर असताना वरचा स्क्रू उघडला तर तो रेडिएटर बाहेरची हवा आत ओढतो. लोक म्हणतात हवा निघतेय, प्रत्यक्षात ती शिरत असते. शंका आली तर टिश्यूचा तुकडा भोकाजवळ धरा. आत चिकटला तर ताबडतोब बंद करा आणि आधी प्रेशर भरा.

पाणी भरण्यासाठी बॉयलरखाली फिलिंग लूप असतो: बहुधा विणलेल्या स्टीलची लवचिक नळी आणि तिच्या टोकांना छोटे व्हॉल्व. एक पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू. काटा १.२ ते १.५ च्या दरम्यान आला की दोन्ही बंद करा. बाहेरून जोडायची नळी असेल तर काम झाल्यावर काढून ठेवा. पिण्याच्या पाण्याशी ती कायम जोडलेली राहू नये असा तिथला नियम आहे, आणि व्हॉल्व जरासा गळला तरी रात्रभरात प्रेशर वाढत जातं. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व उघडतो आणि पाणी घराबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पडतं.

काटाच नसेल आणि माळ्यावर फ्लोट असलेली एक छोटी टाकी असेल, तर यंत्रणा जुन्या, उघड्या प्रकारची आहे. तिथे पाणी आपोआप भरतं, पण फ्लोट अडकलेला नाही ना ते बघा. वर्षानुवर्षं न हलल्याने तो वरच अडकतो, टाकी कोरडी पडते आणि पाइपातून हवा ओढली जाते. अशा टाकीत नुसता फ्लोट हलवला तरी कितीतरी घरांचं दुखणं संपतं.

ताज्या पाण्यात विरघळलेली हवा असते आणि तापल्यावर ती सुटते. म्हणून पाणी भरल्यावर दोन-तीन दिवसांनी, यंत्रणा थंड असताना, सगळ्यात वरचे रेडिएटर आणि न्हाणीघरातला टॉवेल रेल (टॉवेल वाळवायचा, नळ्यांचा रेडिएटर) पुन्हा एकदा तपासा.

रेडिएटरमध्ये नाही, पाइपातच अडकली तर

यंत्रणा रिकामी करून भरल्यावर कधीकधी हवेचा गोळा वळणातच बसतो. ओळीतले दोन-तीन रेडिएटर गार राहतात, पण त्यांच्यातून हवा निघत नाही. तेव्हा बाकीचे सगळे रेडिएटर बंद करा आणि पंपाचा सगळा जोर त्या गार ओळीवर येऊ द्या. दुसऱ्या टोकाचा, टोपीखालचा व्हॉल्व बंद करताना किती आटे फिरवले ते प्रत्येक रेडिएटरसाठी कागदावर लिहून ठेवा. घरभर उष्णता सारखी वाटली जावी म्हणून तो मुद्दाम तेवढाच उघडलेला असतो. १०-१५ मिनिटांत पाइप तापू लागला तर गोळा सुटला. मग हीटिंग बंद करून, निवल्यावर हवा काढा आणि सगळे व्हॉल्व लिहिलेल्या आट्यांवर परत आणा.

हवा परत परत येत असेल तर

काटा दर आठवड्याला उतरत असेल तर पाणी कुठेतरी गळतंय. व्हॉल्वच्या मुळाशी हिरवे-पांढरे डाग शोधा, फरशीखालून ओल येते का पाहा. हीटिंग तापल्यावर काटा ३ कडे चढतो आणि थंड झाल्यावर शून्यावर येत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधला, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या भांड्यातला, हवेचा दाब बहुधा गेलेला असतो. हे भांडं बरेचदा बॉयलरच्या आतच असतं, आणि आवरण उघडण्याचं काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) यादीत असलेल्या माणसाचंच. भाड्याच्या घरात असाल तर लगेच घरमालकाला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये हीटिंग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी १९८५ च्या कायद्याने मालकावर आहे.

काटा जागेवर आहे, गळती नाही, तरीही हवा जमते आणि पाणी काळं येतं? मग ती बाहेरून आलेली हवा नाही. आतलं लोखंड गंजतंय आणि तो हायड्रोजन आहे. दर वेळी पाणी भरून ताजा ऑक्सिजन आत गेला की गंज आणखी वाढतो. अशा वेळी इन्हिबिटर हवा, म्हणजे गंज रोखणारं द्रव्य. अनेक ब्रँडची १ लिटरची बाटली साधारण १०० लिटर पाण्याला पुरते, पण प्रमाण लेबलवरच वाचा. पाणी काळंकुट्ट असेल तर आधी यंत्रणा धुवून घ्या आणि चुंबकी फिल्टर बसवा. गाळावर ओतलेलं द्रव्य वाया जातं. उघड्या यंत्रणेत ते माळ्यावरच्या टाकीत ओततात, बंद यंत्रणेत फिल्टरमधून किंवा थोडं पाणी काढलेल्या टॉवेल रेलच्या वरच्या भोकातून घालतात. मग प्रेशर भरून सगळे व्हॉल्व उघडा आणि हीटिंग तासभर चालू ठेवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. तारीख खडूने किंवा चिकटपट्टीवर लिहून बॉयलरजवळ लावा: दरवर्षी पाणी तपासायचं, आणि पाच वर्षांनी द्रव्य पुन्हा घालायचं किंवा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यायचं.