टायरला फुगा आलाय? गॅरेजात या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात रात्री कागलहून कोल्हापूरला परत येत होतो. उचगावच्या अलीकडं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक धाडकन आदळलं. उतरून बघितलं तर हवा होती, म्हणून तसाच घरी आलो. सकाळी त्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. ओळखीच्या गॅरेजात गाडी लावली, किल्ली दिली आणि ऑफिसची घाई होती म्हणून म्हणालो, "बघा काय लागतंय ते, करून टाका."

संध्याकाळी बिल १७,१०० रुपये. दोन टायर ११,०००, दोन्ही बाजूचे लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) ३,८००, मजुरी १,२००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकांचा कोन आणि वजनाचा तोल जुळवणं) ९०० आणि नायट्रोजन २००. सकाळी एक टायर दाखवून गेलेला माणूस संध्याकाळी एवढं ऐकल्यावर जे करतो तेच मी केलं, आवाज चढवला. मालक शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला की, लागेल ते करा." बरोबरच होतं त्यांचं. भांडायला मी उशिरा उभा राहिलो होतो, आणि हातात काही नव्हतं.

"काय लागतंय ते करा" हे वाक्य

आपल्याकडं गॅरेज पाटी बघून ठरत नाही, ओळखीनं ठरतं. मेव्हण्याच्या दोस्ताचं, नाहीतर तालमीतल्या कुणाचं, नाहीतर पेठेतल्या जुन्या मिस्त्रींच्या पोराचं. तिथं जाऊन "आधी एस्टिमेट लिहून द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलंच तर उत्तर ठरलेलं: "काय सर, आपल्यावर विश्वास नाही व्हय?" यावर मला सापडलेलं उत्तर असं: "विश्वास हाय म्हणूनच आलोय, पण घरात दाखवायला लागतंय." यावर कोल्हापुरात कुणी वाद घालत नाही.

किल्ली देताना एवढंच सांगायचं: आधी तपासा, काय काय लागेल ते रकमेसकट व्हॉट्सअॅपवर टाका आणि मी हो म्हटल्याशिवाय पाना लावू नका. नंतर काही वाढीव निघालं तर त्याचाही फोटो आणि रक्कम. मोठ्या सर्व्हिस सेंटरवर जॉबकार्ड भरतात, त्यावर आपण न वाचता सही करतो. त्यात किलोमीटर, आधीचे ओरखडे आणि तुमची नेमकी तक्रार लिहिली आहे का ते बघा. "जनरल चेकअप" असं लिहिलं असेल तर ते खोडून "डाव्या पुढच्या टायरला फुगा" असं लिहायला लावा.

गाडी सोडण्याआधी पाचही टायरचे फोटो काढा. हो, स्टेपनीचाही, गाडी परत आल्यावर स्टेपनी उघडून बघणारे किती जण आहेत? फोटोत कंपनीचं नाव आणि डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे दिसले पाहिजेत. १४२४ म्हणजे २०२४ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. ही ओळ कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला जाते, तेव्हा वाकून बघावं लागतं.

कुठला टायर वाचतो, कुठला नाही

इथं दोन्ही बाजूंनी चूक होते. वाचणारा टायर आपण घाबरून फेकतो आणि फेकायचा तो "चालतंय की अजून" म्हणून चालवतो.

फुगा आला की टायर गेला. टायरच्या भिंतीत रबराच्या आत दोऱ्यांचा थर असतो. खड्ड्याच्या काठावर आणि रिमच्या कडेमध्ये भिंत चिमटली की ते दोरे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. त्यावर पॅच नाही, व्हल्कनायझिंग (रबर तापवून चिकटवणं) नाही, काही नाही. "मागं टाकून चालवा सा महिने" असं सांगणारे भेटतील. फुगा मागच्या चाकातही तसाच फुटतो. बाजूच्या भिंतीला कट जाऊन आतला दोरा दिसायला लागला असेल तरी तेच.

रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा गेला असेल आणि भोक साधारण ६ मिलिमीटरच्या आतलं असेल, तर टायर दुरुस्त होतो. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यांवर रोज गाडी जाते त्यांना हे वेगळं सांगायला नको. लेथवरचा पीळदार लोखंडी कीस टायरमध्ये शिरतो आणि हवा दोन दिवसांनी कळेल इतकी हळू जाते. असा तुकडा दिसला तर स्वतः उपटू नका, तो आत असेपर्यंत तोच बूच असतो. हवा टिकत असेल तर तसेच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. बाहेरून स्ट्रिप घालणं झटपट होतं, पण चांगलं काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावणं. टायर उतरला की आतली भिंतही बघायला मिळते. हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालली असेल, तर आत रबराचा काळा चुरा पडलेला असतो. तसं दिसलं तर बाहेरून कितीही चांगला दिसो, तो टायर संपला.

"सर, एक नाही, पाच पंक्चर हायत." हे वाक्य महामार्गाच्या कडेला जास्त ऐकू येतं. उपाय साधा आहे: चहाला जाऊ नका. चाक निघाल्यापासून पाण्यात बुडेपर्यंत शेजारी उभं राहा आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या डोळ्यांनी बघा. टोच्या हातात असलेल्या पोराशी गप्पा मारत उभं राहिलं तरी चालतं, किंबहुना तेच उत्तम. कधी कधी बुडबुडे टायरमधून नाही, व्हॉल्व्हमधून किंवा रिमच्या कडेतून येतात. रिम चेपलेली असते आणि आपण टायरला दोष देत बसतो.

टायरच्या बिलात शिरलेलं सस्पेन्शन

माझं निम्मं दुखणं इथलं होतं. खड्ड्यात आदळल्यावर लोअर आर्म, बुश (सांध्यातलं रबर) किंवा टाय रॉड खरंच जाऊ शकतो, त्यामुळं मिस्त्रींनी नाव काढलं म्हणजे फसवतायत असं नाही. फक्त दाखवायला सांगा. गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. तिथं खेळ लागला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा बेअरिंगकडं बघायचं; तीन आणि नऊच्या जागी लागला तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडं. खेळ हाताला लगेच कळतो, त्याला मिस्त्री असावं लागत नाही.

तक्रार सांगतानाही आपण घोळ घालतो. "गाडी हलतीय" एवढंच सांगितलं की समोरचा सगळंच करतो. ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा बघायची, मग अलाइनमेंट. टायर फक्त एका कडेनं खाल्ला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. दोन्ही कडांनी खाल्ला असेल तर हवा कमी असते, मध्येच खाल्ला असेल तर जास्त. नक्षी मधूनमधून खड्डे पडल्यासारखी झाली असेल तर शॉकअप बघायला सांगा. अलाइनमेंट केलं म्हणतात तेव्हा आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागा. आणि सस्पेन्शनचं काम निघालंच असेल तर ते आधी करा, अलाइनमेंट शेवटी; उलटं केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

नायट्रोजनबद्दल एकच सांगतो, आपल्या नेहमीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. घालू नका असं नाही, पण त्यासाठी २०० रुपये देताना मला आता हसू येतं. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरून घेऊ नका.

जुना टायर गॅरेजात सोडून येणं

ही माझी सगळ्यात महागडी चूक. फुगा आलेला टायर भंगारात गेला की वॉरंटी, विमा, वाद, सगळंच त्याच्याबरोबर जातं. काढलेला प्रत्येक भाग, बिघडलेला असला तरी, डिकीत टाकून घरी आणायचा.

नव्या गाडीच्या टायरची तक्रार घेऊन शोरूमला गेलात तर बहुतेक वेळा ते टायर कंपनीकडं बोट दाखवतात. गाडीच्या वॉरंटीत टायर नसतो, त्याची वॉरंटी टायर बनवणारी कंपनी देते. कंपनीचा माणूस टायर तपासतो. बनावटीतला दोष निघाला तर उरलेल्या नक्षीच्या हिशोबात भरपाई ठरते, म्हणजे निम्मा झिजलेल्या टायरला पूर्ण पैसे मिळत नाहीत. खड्ड्यातल्या माराला साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. काही कंपन्या काही टायरवर बिनशर्त वॉरंटी देतात, त्यात फुगा आणि कटही बसतात, पण त्यासाठी खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत नोंदणी करावी लागते. टायर घेतानाच ती दुकानातच करून घ्या.

विम्याचं गणित बहुतेकांना उलटं वाटत असतं. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीलाही नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, आणि तेही बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. आता माझ्यासारखा ५,५०० चा टायर घ्या. निम्मे २,७५०, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० ची वजावट, उरले १,७५०. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि बोनस ३५ टक्क्यांवर पोचला असेल, तर २,८०० ची सूट गेली. टायरचं वेगळं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा त्याच्या अटी वाचा. रिम, आर्म, बंपर सगळ्यालाच मार बसला असेल तर क्लेम परवडू शकतो, पण मग विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बघेपर्यंत गाडीला हात लावू द्यायचा नाही.

कच्चं बिल

"बिल नको असेल तर कमी करतो." टायरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळं हा मोह पूर्वीपेक्षा थोडा कमी झालाय. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागताना अडचण येते, आणि ग्राहक आयोगापुढं दाखवायलाही काही राहत नाही. बिलावर टायरचा आकार, कंपनी आणि जमलं तर ते चार आकडे लिहून घ्या. १८५/६५ आर १५ ८८ एच असा टायर गाडीला असेल तर शेवटच्या ८८ एच कडंही लक्ष द्या. ८८ म्हणजे टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. त्याहून कमी आकडा स्वस्तात गळ्यात मारला जातो.

गॅरेजातच नुकसान झालं तर

टायर चढवताना मशीनवर कड फाटते, अलॉयला ओरखडे जातात, हवेच्या गनने नट इतके आवळतात की रस्त्यात पंक्चर झालं तर पान्यावर उभं राहूनही सुटत नाहीत. हे सगळं तिथंच, गाडी बाहेर काढण्याआधी बघायचं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर आहे का तेही. "गाडीच्या नुकसानीस गॅरेज जबाबदार नाही" अशी पाटी लावली म्हणून जबाबदारी संपत नाही. ताब्यात दिलेली वस्तू वाजवी काळजी घेऊन सांभाळायची, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं.

पण त्याच कायद्याचं कलम १७० आपल्याला माहीत नसतं. केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजवाल्याला आहे. म्हणून "पैसे देत नाही, काय करायचंय ते कर" म्हणत उभं राहिलं तर गाडी तिथंच राहते. त्यापेक्षा बिलाच्या प्रतीवर "अमुक रकमेला हरकत आहे, गाडी हवी म्हणून पैसे भरले" असं लिहून तारीख घाला, ऑनलाइन पैसे भरा, गाडी घेऊन या. मग लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथंही नाही मिटलं तर कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत दाखल करायची असते. हजार-दीड हजारासाठी मात्र मी आयोगाच्या वाटेला जाणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मी गेलो ते परत गॅरेजातच, तिसऱ्या दिवशी, आवाज न चढवता. टायर भंगारात गेले होते. फुगा नसलेल्या उजव्या टायरची नक्षी किती उरली होती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण काढलेले दोन्ही आर्म कोपऱ्यात पडून होते. डाव्याचा बॉल जॉइंट खुळखुळ्यासारखा हलत होता. उजव्याचा हातानं फिरेना इतका घट्ट. मी तो मालकांच्या हातात दिला. त्यांनी फिरवून बघितला, पोराकडं बघितलं आणि गल्ल्यातून १,९०० रुपये काढून दिले. उजव्या बाजूची मजुरी मी मागितली नाही, त्यांनीही काढली नाही.