सागरतळाचे जुने चित्रपट मुलांना कसे दाखवावेत

बडोद्याच्या मुलांना समुद्र रोज दिसत नाही. त्यामुळे पडद्यावर पाणबुड्याला विळखा घालणारा ऑक्टोपस दिसला, की त्यांना तोच खरा वाटतो. म्हणून चित्रपट लावण्याआधी मुलांना सयाजीबागेतल्या संग्रहालयात न्यावे आणि १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभे करून जबड्यात दात शोधायला सांगावे. ते सापडणार नाहीत, कारण एवढे अवाढव्य धूड कोळंबीसारखे इवले जीव पाण्यातून गाळून खाते. मोठा प्राणी म्हणजे घातकी प्राणी हे या चित्रपटांचे गृहीतक तिथेच डळमळते.

पहिला चित्रपट शक्यतो १९१६ सालचा 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी', पाण्याखालच्या चित्रीकरणात अग्रणी असलेल्या विल्यमसन बंधूंच्या साहाय्याने बहामा बेटांजवळ पाण्याखाली चित्रित झालेला घ्यावा. ऑक्टोपसचे दृश्य आले की चित्र थांबवून एकेका भुजेकडे पाहायला लावावे. खऱ्या भुजेत हाड नसल्याने ती कुठेही वळते. इथला प्राणी मात्र रबराचा आहे. आमच्या डांडिया बाजारातल्या घरी भाचीने हे दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले आणि म्हणाली, "मामा, पाणबुड्याच त्या भुजेला धरून बसलाय!" शार्कविषयी बोलताना याच बंधूंच्या १९१४ सालच्या चित्रीकरणाची हकिकत अवश्य सांगावी: शार्क आपणहून माणसावर चालून आला नव्हता, त्याला बोलावण्यासाठी मेलेला घोडा पाण्यात टांगावा लागला होता.

सर्वांत जास्त वेळ मात्र महाकाय शिंपल्याला द्यावा. पाणबुड्याचा पाय त्यात अडकतो आणि हवा संपत येते, हा प्रसंग इतका रुजला, की अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठीच्या जुन्या पुस्तिकेतही शिंपल्याचे स्नायू कापून सुटका कशी करावी हे छापले गेले. वस्तुतः मीटरभराहून लांब आणि दोनशे किलोंहून जड होणारा हा जीव आपल्याच मांसल पडद्यातल्या शैवालावर आणि गाळलेल्या कणांवर जगतो, सावकाश मिटतो, आणि पूर्ण वाढलेल्याला बहुधा पुरते मिटताही येत नाही. त्याने माणूस मारल्याची एकही सिद्ध नोंद नाही. मांटा रे हे प्रचंड पाखटही प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवले जीवच खाते, आणि सापासारखा दिसणारा मासा मोरे ईल तोंड उघडतो ते मुख्यतः श्वासासाठी.

याचा अर्थ समुद्र निर्धोक आहे असा मुलांनी घेऊ नये. तळहातावर मावणाऱ्या निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसच्या विषावर उतारा नाही. दगडासारखा पडून राहणारा स्टोनफिश पायाखाली आला तर त्याचे काटे विष सोडतात. नक्षीदार कोनशंखाचा दंशही प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे सुट्टीत दीव किंवा कोकणात गेल्यावर खडकाळ उथळ पाण्यात मुलांच्या पायांत जाड तळव्याचे बूट असावेत आणि जिवंत शंख त्यांना हातात घेऊ देऊ नये.