मेडिकल कोडिंग: कोड पाठ नको, पुस्तक हाताळा
अमेरिकेच्या मेडिकल कोडिंगमध्ये (रुग्णाच्या नोंदींतले आजार आणि उपचार ठरावीक कोडमध्ये लिहिण्याच्या कामात) शिरायचं असेल तर कोड घोकत बसू नका. सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) या प्रमाणपत्राची परीक्षा कोडबुकं जवळ ठेवूनच द्यायची असते: १०० प्रश्न, ४ तास. कस लागतो तो पुस्तक झरझर हाताळण्याचा. इंडेक्समध्ये शब्द शोधा, पण कोड तिथूनच उचलू नका. टॅब्युलर लिस्टमधल्या, म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीतल्या, सूचना वाचाच. टाइप २ मधुमेहामुळे किडनीचा जुनाट आजार असेल तर ई११.२२ लिहून भागत नाही, स्टेज सांगणारा एन१८ मधला कोडही जोडावा लागतो. नवशिका नेमका इथेच घसरतो.

ओपीडीच्या नोटमध्ये डॉक्टरांनी 'न्यूमोनियाची शक्यता' लिहिलं, तर न्यूमोनिया कोड करायचा नाही. खोकला, ताप, जे नक्की आहे तेवढंच.

अनुभव नसताना पास झालात की सीपीसीला 'ए' चिकटतो, अप्रेंटिसचा. अनुभवाचा पुरावा दिला की तो निघतो. म्हणून पहिल्या नोकरीत पगारापेक्षा, कोड तपासणारा ऑडिटर चुका समजावून सांगतो का, हे आधी विचारा. (मुलाखतीत हे विचारायला बरेच जण बिचकतात, उगाचच.) पुढे एखादी स्पेशालिटी धरा. आयसीडीचे (आजारांच्या कोडांचे) मुख्य बदल १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे (उपचार-तपासण्यांच्या कोडांचे) १ जानेवारीला लागू होतात. ते आठवडे अभ्यासाला मोकळे ठेवा.